बासष्टावा मणी

बाबांनी सत्तरीला टेकल्यावर एकाएकी तुळशीची माळ हातात घेतली, तेव्हा गावात सर्वांत जास्त आनंद भजनी मंडळाला झाला. तोवर बाबा देव मानत नव्हते असं नाही. देवानं आपल्या वावरात लक्ष घालू नये, आपण त्याच्या देवळात घालणार नाही, असा एक समजूतदारपणा त्यांनी राखला होता. आता मात्र रोज सकाळी चहा झाला की ते ओसरीवर भिंतीला टेकून बसत, डोळे मिटत आणि एकेक मणी ओढत पुटपुटत. मंडळाचे प्रमुख समोर येऊन उभे राहत, हात जोडत आणि आवाज न करता परत जात. "उशिरा लागला, पण लागला," असं ते पारावर सांगत.

मी तेव्हा मेहकरला हायस्कुलात मास्तर होतो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटीनं फाट्यापर्यंत आणि पुढं दीड कोस पायी घरी येई. वय तिशीच्या आतलं. पुष्कळ वाचलं होतं आणि वाचलेलं कुठं बोलू नये हे कळायचं बाकी होतं. बाबांची माळ पाहून मी मायला म्हणालो, "म्हातारपणी माणूस भितो, मग देव आठवतो."

माय भाकरी थापत होती. "तुह्या बाबाले काय आठवते ते तू त्यायलेच विचार," ती म्हणाली. "मले तं ते नुसते पुटपुटताना दिसतात. देवाचं एक नाव अजून कानावर नाही आलं."

तिनं बरोबर ऐकलं होतं. पण शिकलेल्या मुलाला आईचं निरीक्षण अर्धवटच वाटतं. मी ते सोडून दिलं.

बाबांना गावात मान होता तो त्यांच्या आठवणीमुळे. आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असे. सरकारी नंबर पटवाऱ्याच्या दप्तरात पडून राहत. गावात नंबरानं वावर ओळखणारा माणूस म्हणजे बाहेरचा. हिवराचं, मढीचं, खारीचं, गोटाडीचं, बैल बुडाला ते. बाबांना ही सगळी नावं आणि प्रत्येकाचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, पाठ होता. कोणता दगड कोणत्या बोरीखाली पुरलाय, कोणी कोणाकडून कधी घेतलं, मधली वाट कोणाच्या आज्यानं सोडली, हे ते न थांबता सांगत.

धुऱ्याचं भांडण चिघळलं की गावात एक जुनी रीत होती. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या म्हाताऱ्या माणसानं त्याच वावरातलं मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि अनवाणी हद्दीवरून चालायचं. तो चालेल तो धुरा. खोटं चालला तर त्याच्या घराण्याला ती माती लागते, अशी समजूत. बाबा आयुष्यात चारदा असे चालले होते आणि चारही वेळा दोन्ही बाजू मुकाट घरी गेल्या होत्या.

या आठवणीचा पुढं सत्कारही झाला. राज्य नवं होतं, पदं नवी होती आणि पदावर बसलेल्यांना सत्कार करायला माणसं कमी पडत होती. पंचायतीच्या नव्या खोलीचं उद्घाटन निघालं, तेव्हा आमच्या गावच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी बाबांचं नाव सुचवलं. हे गृहस्थ गावातले सर्वांत मोठे जमीनदार. घरातही त्यांना अध्यक्षच म्हणत. झोपेत ते काय असत हे माहीत नाही. मेहकरहून बॅटरीवरचा भोंगा आला. वैशाखाच्या उन्हात बाबांच्या अंगावर लोकरी शाल घातली गेली. "हे आपल्या गावाचं चालतंबोलतं दप्तर आहे," असं अध्यक्ष तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा भोंग्यानं शिट्टी मारली म्हणून थांबले.

मग बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. पाहुणे होते पंचायत समितीचे सभापती. त्यांच्या वडिलांशी बाबांची जुनी ओळख. बाबा उभे राहिले, पाहुण्यांकडे पाहिलं, थोडा वेळ पाहतच राहिले आणि मग "मामलेदार साहेबांचे आभार" मानून खाली बसले. टाळ्या जोरात पडल्या. सत्कारात लोक शब्द ऐकत नाहीत, भाषण संपल्याचा सुगावा घेत असतात. सभापतींनाही काही वाटलं नाही. कदाचित बढती मिळाल्यासारखं वाटलं असेल.

घरी येऊन बाबांनी शालीची नीट घडी घातली, पेटीत टाकली आणि जेवायचं नाही म्हणाले. मला तो विनय वाटला. माळ दिसायला लागली ती त्यानंतरच, हे माझ्या लक्षात पुष्कळ उशिरा आलं.

पुढच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि हिवराच्या वावराचा धुरा दगडांसकट वाहून गेला. हे वावर आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या एका विधवा काकूचं. गावनात्यानं बाबा तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या जागी. आमच्याकडे भासऱ्यासमोर बाईनं पदर पुढं ओढायचा, आणि त्याच्याशी थेट एक शब्द बोलायचा नाही, अशी चाल होती. काकू लग्न होऊन आल्याला पंचवीस वर्षं झाली असतील. बाबांनी तिचा चेहरा धड पाहिलेला नव्हता.

धुऱ्याच्या दुसऱ्या अंगाला अध्यक्षांची जमीन. उन्हाळ्यात त्यांचा नांगर फिरला तो धुरा जिथं असावा त्याच्या दहा-बारा तासं, म्हणजे नांगराच्या ओळी, अलीकडून, काकूच्या अंगानं. एवढीशीच पट्टी, पण नाल्याकडचं तिचं टोक काळंभोर आणि ओलीचं. तिथं काकू वांगी आणि मेथी लावी आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाई. तिचं वर्षभराचं तेल-मीठ त्या पट्टीवर होतं. मोजणीसाठी अर्ज गेला होता, पण मोजणीदार येईल तेव्हा येईल आणि पेरणी त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

म्हणून एका रविवारी काकू आमच्या दाराआड येऊन उभी राहिली. बाबा ओसरीवर, ती दाराच्या आत, माय दोघांच्या मध्ये.

"बाई, त्यायले म्हणा, एकदा माती घेऊन चाला," काकू मायला म्हणाली. "त्यायचा पाय पडन तो माहा धुरा. मले एक तास जास्तीचं नको."

बाबांना हे स्वच्छ ऐकू येत होतं. त्यांनी मणी ओढायचं थांबवलं. मग मायला म्हणाले, "तिले सांग, मले जमणार नाही."

"काऊन? पाय दुखतात का त्यायचे?"

"तिले सांग, पाय बरे हायेत."

"बाप्पा, दोघंही मले मधात घालून राह्यले," माय वैतागली. "मी काय पोस्टाची पेटी हाये?"

यावर एरवी काकू हसली असती. त्या दिवशी ती हसली नाही. पदर सारखा केला आणि मागच्या दारानं गेली.

दुसऱ्या दिवसापर्यंत गावानं अर्थ लावला होता. शाल लागू पडली. अध्यक्षांनी पारावर बाबांच्या तटस्थपणाची स्तुती केली, त्यामुळे तर शंकाच उरली नाही. मी रजा टाकून घरी थांबलो आणि बाबांना चांगलं सुनावलं. न्याय, निर्भयता, वगैरे. वर्गात हे शब्द वापरताना मला कधी घाम येत नसे. त्या दिवशी आला.

बाबांनी ऐकून घेतलं. मग माळ माझ्या हातात दिली. "मोज."

मेरुमण्यापासून मोजत गेलो. बासष्टाव्या मण्यानंतर एक लाल दोरा बांधलेला होता.

"गावची वावरं बासष्ट," बाबा म्हणाले. "नदीपासून सुरू करतो अन् टेकडीपाशी थांबतो. एक नाव, एक मणी. सगळी आठवली का बोट दोऱ्यापाशी येते. त्या सत्काराच्या दिवसापासून रोज मोजून राह्यलो. आधी यायचं बरोबर. आता दोन महिने झाले, नावं सरतात अन् एक मणी उरते."

"कोणतं वावर राहतं?"

"ते माहीत असतं तं राह्यलं असतं का बे?"

माय दारातून म्हणाली, "सोताचं धरलं का?"

"पहिलंच धरतो."

मी म्हणालो, पटवाऱ्याकडून यादी आणतो. त्यांनी मान हलवली. "कागद पाहून सांगितलं तं ते कागदाले आठवलं, मले नाही." मग म्हणाले, "लोक म्हणतात मी लबाडी करून राह्यलो. मी खरं सांगितलं तं कोणाले पटन? तुह्या मायले नाही पटत, तुले नाही पटत."

खरंच मला पटत नव्हतं. साठेक नावांतलं एक निसटलं म्हणून माणूस हातचा जात नाही. मी त्यांना मेहकरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं, वार विचारला, मुलं किती ते विचारलं. बाबांनी सगळं सांगितलं. वर, दवाखाना उभा आहे ती जागा पूर्वी कोणाची होती आणि तिच्यातल्या विहिरीला पाणी का लागलं नाही, तेही सांगितलं. डॉक्टर हसले. "बाबा, तुमची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे," म्हणाले आणि टॉनिकची बाटली दिली. ती पुढं मायनं संपवली. तिला ती मानवली.

बसस्टँडवर बाबा म्हणाले, "डॉक्टरनं त्याले माहीत हाये ते विचारलं. मले माहीत होतं ते कोण विचारन?"

बस यायला वेळ होता, म्हणून मी दुसरंच बोललो. "तुम्ही नाही चाललात तर पट्टी अध्यक्षांकडे राहील. न चालणं म्हणजेही एका बाजूनं चालणंच." हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं होतं. फाट्यावर उतरल्यावर बाबा म्हणाले, "चालतो."

पंच जमले, अर्धं गाव जमलं. अध्यक्ष धुतलेल्या धोतरात आले. काकू लांब, बाभळीखाली, पदर तोंडावर ओढून उभी. बाबांनी चपला काढल्या, हिवराच्या वावरातलं एक ढेकूळ उचललं, डोक्यावर ठेवलं आणि गाडरस्त्यापासून नाल्याकडे चालायला लागले. मागून कोतवाल त्यांच्या पावलांवर राखेची रेघ ओढत होता.

चालणाऱ्यानं मध्ये थांबायचं नसतं. चारही वेळा बाबा एका दमात चालले होते, असं लोक सांगत. या वेळीही निम्म्यापर्यंत त्यांचं पाऊल सरळ पडलं. अध्यक्षांची नवी तासं ते ओलांडत होते आणि अध्यक्षांचा चेहरा उतरत होता. मग बाबा थांबले. सगळ्यांना वाटलं दम लागला. ढेकळातली माती त्यांच्या खांद्यावर सांडत होती. ते समोर पाहत होते, सत्काराच्या दिवशी पाहुण्यांकडे पाहिलं होतं तसं. त्या वेळी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्यांनी दोन्ही हातांनी ढेकूळ खाली उतरवलं आणि पायाशी ठेवलं.

"इथून पुढं मले माहीत नाही."

असं कोणी कधी म्हटल्याचं पंचांनाही आठवत नव्हतं. कुजबुज झाली. अध्यक्षांना एकदम कंठ फुटला. "अहो, इतकं चालले तं पुढंही चाला. अंदाजानं!"

"अंदाजानं तं तुमचा नांगरही चालला," बाबा म्हणाले.

एक-दोघं हसले आणि लगेच गप्प झाले. पंचांनी ठरवलं, बाबा चालले तिथवर काकूचं, पुढचं मोजणी होईपर्यंत आहे तसं. म्हणजे रस्त्याकडचा माळरानाचा तुकडा काकूला मिळाला आणि नाल्याकडची काळी ओली जमीन अध्यक्षांकडे राहिली. काकू बाभळीखालून केव्हा गेली, कोणी पाहिलं नाही.

घरी येताना मी विचारलं, "पुढं कुठं वाटत होतं?"

"नाल्याकाठी जुन्या बाभळीचा बुंधा हाये, त्याच्या डाव्या अंगानं."

"मग चालायचं की!"

"वाटत होतं. माहीत नव्हतं."

त्या दिवसापासून गावानं बाबांना म्हातारं करून टाकलं. आदल्या दिवशीपर्यंत ज्याला लबाड म्हणत होते, त्याच्याशी लोक मोठ्यानं बोलायला लागले, जणू त्यांचे कान गेलेत. बैलाचा सौदा असो की सोयरीक, कोणी विचारायला येईना. एकजण तर येऊन "मले ओळखलं का?" असं विचारून गेला. बाबांनी त्याला त्याच्या पणज्यापासून ओळखलं. तो गेल्यावर म्हणाले, "हा पुन्हा येईन. रोज येईन. एक दिवस मी चुकीन, मंग याचं समाधान होईन."

आणि रोज सकाळी, माळ हातात असताना, त्यांच्यासमोरून काकू खुरपं घेऊन जाई. वांग्याची जागा गेल्यावर ती दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायला लागली होती. ओसरीसमोर आली की पदर ओढी. बाबा डोळे मिटून घेत. हे दोन वर्षं चाललं. माझं बसस्टँडवरचं चांगलं वाक्य मला तेव्हा रोज आठवे.

दोन वर्षांनी मोजणीदार आला. त्याच्या डोक्यावर कोतवालानं छत्री धरली, अध्यक्षांकडून चहा आला, साखळी पसरली. मी हजर होतो. रस्त्यापासून साखळी निघाली ती बाबांच्या राखेच्या रेघेवर पंचांनी तेव्हा घातलेल्या बांधावरून, वीतभराच्याही फरकानं नाही. पुढं ती सरळ गेली आणि नाल्याकाठी बाभळीच्या बुंध्याच्या डाव्या अंगाला टेकली.

मी जवळजवळ धावत घरी आलो. बाबांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी ऐकलं, माळ मांडीवर ठेवली.

"म्हणजे आठवत होतं," ते म्हणाले.

"हो ना!"

"आठवत होतं. पण मले आठवते हे मले माहीत नव्हतं." थोड्या वेळानं म्हणाले, "दोन वर्षं खुरपलं तिनं लोकायचं."

संध्याकाळी काकू आली, दाराआड उभी राहिली. ओच्यात मेथी होती; कोणाच्या वावरातली कोण जाणे. "बाई, त्यायले म्हणा, तेव्हाच पुढं चालले असते तं बरं झालं असतं."

"तिले सांग, हाव," बाबा मान डोलावत म्हणाले. "अन् चुकलो असतो तं?"

"तं मी गप बसली असती," काकू म्हणाली. "त्यायच्या पायावर कोण बोलते? मोजणीलेही नसतं जाऊ दिलं मले गावानं."

"तेच भेव होतं," बाबा म्हणाले. मायनं हे काही पुढं पोचवलं नाही. गरज नव्हती.

मला वाटलं, प्रश्न सुटला. बाबांची आठवण शाबूत होती, शंका खोटी होती. मी तसं त्यांना म्हटलंही. ते हसले. मी इतका शिकलो याचं त्यांना अधूनमधून हसू येई.

कारण शंका खोटी नव्हती. पुढच्याच दिवाळीत ते विहिरीवरून परतताना वाट चुकले. मग मायला दोनदा तिच्या आईच्या नावानं हाक मारली. त्यानंतर वर्षभरात एकेक गोष्ट गेली. ओळखलं का विचारणारा तो माणूस आला आणि त्याचं समाधान झालं. आम्हाला ज्याचा पत्ता नव्हता, डॉक्टरला जे दिसलं नव्हतं, ते बाबांना कितीतरी आधी, एकट्यालाच, एका मण्यावर कळलं होतं. त्या दिवशी ते थांबले ते भित्रेपणानं नव्हे आणि नम्रतेनंही नव्हे. आपल्या आत काय चाललंय याची चाहूल लागलेल्या माणसानं दुसऱ्याचं वावर आपल्या डोक्यावरून खाली उतरवलं, एवढंच. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापुढं गेलंय आणि शब्द ओठावर येऊन अडतात. मुलं म्हणतात, सगळ्यांचंच होतं असं. मी वाद घालत नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात बाबांना माणसं उरली नव्हती, पण माळ उरली होती. सकाळी बसत, नदीपासून सुरू करत, आठ-दहा नावांवर अडत आणि मग अडलेल्या मण्यावर अंगठा घासत राहत. ते पाहवत नसे. एका शनिवारी मी घरी पोचलो तेव्हा काकू ओसरीवर बसलेली दिसली. दाराआड नव्हे, ओसरीवर, बाबांच्या समोर, सुपात शेंगा घेऊन. पदर खांद्यावर होता. मी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "बसू दे. रोज येते आता."

"खारीचं," बाबा म्हणाले आणि अडले.

"मंग गोटाडीचं," काकू म्हणाली. थेट त्यांना.

"गोटाडीचं," बाबांनी मणी ओढला. "मंग?"

"मंग बैल बुडाला ते."

मी चपला न काढता तसाच उभा राहिलो. बाबांना जितकी येत तितकी ते सांगत, बाकीची ती पुरवी. जवळजवळ सगळी वावरं तिला माहीत होती. निम्म्यांत तिनं निंदलं होतं. तिला कधी कोणी विचारलं नव्हतं. टेकडी आली, नावं संपली, आणि मी मोजत होतो, लाल दोऱ्याअलीकडे एक मणी उरला. हरवलेलं वावर तिलाही सापडलं नव्हतं, की सुटलेला दोरा बाबांनी मधे केव्हा एक मणी पुढं बांधला होता, ते आता कळायला मार्ग नव्हता. बाबांचा अंगठा त्या मण्यावर घासायला लागला.

"मंग?" त्यांनी विचारलं.

काकूनं शेंगा सोलायच्या थांबवल्या. "मंग हिवराचं," ती म्हणाली.

हिवराचं मघाशीच येऊन गेलं होतं. बाबांनी मणी ओढला. बोट दोऱ्याला लागलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि मी कोण हे न कळताही मला आनंदानं सांगितलं, "बासष्ट."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

काकूनं सूप उचललं आणि पुन्हा सोलायला लागली.